वैरागड: हिऱ्यांची खाण, गोंडांचा किल्ला आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैरागडला यायचं ठरवलेली मंडळी फोनवर जे विचारतात, ते इथे एकदाचं लिहून ठेवलंय. पाहुणे नागपूरचे असोत की पुण्याचे, पहिला प्रश्न हिऱ्याचा असतो आणि दुसरा नक्षलवाद्यांचा. किल्ल्याचं नंतर, आठवलं तर. माझ्या मते क्रम उलटा हवा. किल्ला आहे तो त्या खाणीमुळेच, आणि खाणीची किंमत कळते तीही किल्ल्याचा खंदक पाहूनच. तरी सुरुवात तुमच्या क्रमाने करू.

वैरागड नेमकं आहे कुठे?

गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात. खोब्रागडी नदी आणि सतनाला जिथे मिळतात तिथे हे गाव वसलंय. वैलोचना हे नदीचं नावही इकडे कानावर पडेल. खोब्रागडी पुढे वैनगंगेला जाऊन मिळते. सगळा मुलूख झाडीपट्टीचा: धानाच्या बांध्या, बोड्या म्हणजे छोटी तळी, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि धुऱ्यावर मोहाची झाडं.

१९८२ पर्यंत हा भाग चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्यामुळे जुन्या गॅझेटियरमध्ये गडचिरोलीखाली वैरागड शोधत बसू नका, चांद्याखाली शोधा.

हिऱ्यांची खाण खरंच होती, की नुसती सांगोवांगी?

होती. गावातले लोक सांगतात म्हणून नव्हे, कागद आहेत म्हणून.

सगळ्यात भरवशाचा कागद अकबराच्या दरबारातला. अबुल फजलने १६ व्या शतकाच्या शेवटी ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली, त्यात वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना बैरागडची नोंद आहे. इथे हिऱ्याची खाण आहे, नक्षीचं कापड विणलं जातं, भोवती रानटी हत्ती पुष्कळ आहेत आणि हे ठाणं गोंड राजा बाबाजी याने नुकतंच दुसऱ्या एका राजाकडून हिसकावून घेतलंय, असा त्याचा आशय. नोंद लहान आहे, पण खाण, कारागिरी, जंगल आणि लढाई हे चारही तिच्यात आलंय. कापडाच्या उल्लेखाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आरमोरीचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, आजही विणला जातो, ढिवर बांधव ऐनाच्या झाडांवर कोश पोसतात. येताना कोशाचा एखादा दुपट्टा घेऊन गेलात तर हिऱ्यापेक्षा खात्रीचा सौदा होईल.

त्याआधीच्या काळाबद्दलचा उल्लेख फिरिश्ता या फारसी इतिहासकाराचा. अहमदशाह बहमनीने १४२५-२६ च्या सुमारास माहूरच्या बाजूला स्वारी केली आणि गोंडवनातली हिऱ्याची एक खाण ताब्यात घेतली, असं तो लिहितो. ती खाण म्हणजे वैरागड, असं अभ्यासक मानतात. म्हणजे अकबराच्या दीडशे वर्षं आधीही या खड्ड्यांसाठी घोडे दौडत होते.

शेवटचा अंक इंग्रजांच्या काळातला. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याचा भोसल्यांच्या राज्यावरचा अहवाल १८२७ चा. तोवर वैरागडच्या खाणीचं नाव मोठं आणि उत्पन्न खर्चालाही न पुरणारं, अशी गत झाली होती. पुढे १८८१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांनी भारतातल्या हिऱ्यांच्या जागांची जंत्री केली, तिच्यात वैरागड आहे. पण ते जुन्या खाणीच्या खुणा म्हणून.

खाण म्हणजे बोगदा वगैरे आहे का? आत उतरता येईल?

बोगदा नाही, लिफ्ट नाही, लोखंडी चाक नाही. बल्लारपूर-घुग्घुसकडच्या कोळसा खाणी पाहिलेला माणूस इथे येऊन हमखास विचारतो, “खाण कुठाय भाऊ?” आणि तो उभा असतो खाणीतच.

इथले हिरे कठीण खडकात नव्हते. पाण्याने वाहून आणलेल्या, लालसर जांभ्यात आणि मुरमात मिसळलेल्या बारीक गोट्यांच्या थरात ते विखुरलेले होते. म्हणून माणसं उथळ खड्डे खणत, गोट्यांचा थर लागला की तो उपसत, आणि जवळच दुसरा खड्डा घेत. पहिल्या खड्ड्यात दुसऱ्याची माती जाई. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की जमीन खालीवर होते, मग तिच्यावर पळस नि झुडपं वाढतात आणि परक्याला ते साधं पडीक रान वाटतं. पावसाळा संपताना या खड्ड्यांच्या कडेला बसून हाताने माती चाळली की कळतं: वर भुरकट पोयटा, खाली तांबडा मुरूम, आणि त्यात हरभऱ्यापासून सुपारीएवढ्या गुळगुळीत गोट्या. या गोट्यांना कोपरे उरलेले नाहीत. नदीने त्यांना लांबून आणलंय, याची ही खूण.

मग त्यातून हिरा ओळखायचे कसे?

या कामाची रीत दख्खनभर साधारण एकच होती. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने १७ व्या शतकात कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीचं काम पाहिलं, त्याचं वर्णन बारकाईचं आहे. पुरुष खणायचे, बाया आणि पोरं माती वाहायची. जवळच बुटक्या भिंतींचं आवार करून त्यात माती ओतायची, पाणी सोडायचं, गाळ वाहू द्यायचा. उरलेली वाळू-गोटी उन्हात सुकवायची, सुपात पाखडायची, जमिनीवर पातळ पसरायची, आणि मग सगळ्यांनी ओळीने वाकून हातांनी निवडत जायचं. ऊन डोक्यावर असतानाच हे काम करत, कारण खडा चमकला तर तेव्हाच दिसणार. कोल्लूरला साठ हजार माणसं कामाला होती, असा त्याचा आकडा आहे.

वैरागड एवढं मोठं नव्हतं. पण पाणी लागतंच, म्हणून खाण नाल्याला धरून आहे. किल्ला पाहून झाला की नाल्याच्या अंगाने चालत जा. खणणं, धुणं, वाळवणं कुठे होत असेल हे जमीन स्वतःच सांगते.

कोहिनूर वैरागडचाच ना?

नाही हो. तो कोल्लूरचा मानला जातो, आणि ती जागा आंध्रात आहे. त्यातला बराच भाग आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेलाय. प्रत्येक जुन्या खाणीवर कुणीतरी कोहिनूरचा दावा सांगतंच. वैरागडला उसन्या मोठेपणाची गरज नाही.

आजही एखादा हिरा मिळू शकतो का?

गोटी मिळेल. गारगोटी! पाण्याने घासून अर्धपारदर्शक झालेला गारेचा खडा उन्हात धरला की फार सुंदर दिसतो. तो खिशात घालून माणसं जिल्ह्याच्या सराफाकडे जातात, सराफ हसतो.

“काचेवर ओढून पाहिलं, ओरखडा आला, म्हणजे हिराच!” ही समजूत सोडून द्या. गारेची कठीणता ७ आणि काचेची साडेपाचच्या आसपास, त्यामुळे कुठलीही गारगोटी काचेवर ओरखडा काढते. हिरा १० वर आहे, पण ते तपासायला काच पुरत नाही. फरक वजनात आहे. त्याच आकाराच्या गारेपेक्षा हिरा जवळपास एक तृतीयांश जड भरतो. शिवाय हिऱ्याला पाणी धरत नाही, तेलकट वस्तू मात्र धरते. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणींत ओली खडी चरबी लावलेल्या फळ्यांवरून सोडायचे ते याचसाठी. गार वाहून जायची, हिरा चिकटून राहायचा.

मूळ खडकाची गोष्ट वेगळी. हिरा वर येतो तो किंबरलाइट किंवा लॅम्प्रॉइट नावाच्या खडकातून. मध्य प्रदेशात पन्नाजवळ मझगवाँला तो आहे, छत्तीसगडमध्ये गरियाबंदकडे बेहरादीन आणि पायलीखंडला आहे. वैरागड ज्या प्राचीन भूखंडाच्या पश्चिम अंगाला आहे, त्याला भूगर्भशास्त्रात बस्तर क्रेटॉन म्हणतात. छत्तीसगडमधल्या त्या जागाही त्याच भूखंडावर आहेत. त्यामुळे वैरागडच्या गोट्यांकडे पाहून अभ्यासकांचे डोळे लुकलुकतात, हे खरं. पण तो अभ्यास प्रयोगशाळेचा आहे. रविवारच्या सहलीत फावड्याने होणारा नव्हे.

थोडंसं खोदून पाहिलं तर काय बिघडतं?

बिघडतं. किल्ला आणि भंडारेश्वराचं देऊळ ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. तिथे खोदणं, दगड उचलणं, भिंतीवर नाव कोरणं हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकामही चालत नाही. स्मारकाबाहेरचा हिरा हे खनिज आहे, परवान्याविना खनिज काढणं हा वेगळा गुन्हा. आणि नांगरताना जुनं नाणं, भांडं निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीची प्रत्येक वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. तो दहाचा आकडा राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, अजून तसाच आहे.

रात्री गुप्तधनाच्या नादाने लिंबू-कुंकू घेऊन येणारेही आहेत. त्यांच्यासाठी या पानावर उत्तर नाही, पोलीस ठाण्यात आहे.

किल्ला कुणी बांधला?

आख्यायिका सांगते की द्वापारयुगात वैरोचन राजाने हे नगर वसवलं. त्यानंतर इथे माना राजांचा अंमल होता, हे गॅझेटियरही सांगतं आणि माना समाजाच्या स्मरणातही आहे. गोरजाई ही त्यांची देवी वैरागडातच आहे आणि तिच्या जत्रेला लांबलांबून माना कुटुंबं येतात. मानांकडून सत्ता गोंडांकडे गेली.

आज दिसतो तो दगडी किल्ला चांद्याच्या गोंड राजांचा. त्यात बाबाजी बल्लाळशाहचं नाव घेतलं जातं, त्याची कारकीर्द गॅझेटियर १५७२ ते १५९७ अशी देतं. अबुल फजलचा बाबाजी तो हाच. म्हणजे ठाणं जिंकलं, खाण हातात आली आणि लगेच भिंत उभी राहिली. मोठा खडा राजाचा, हा हिऱ्याच्या मुलुखात सगळीकडे चालणारा दंडक. तो पाळला जातोय की नाही हे पाहायला खाणीच्या उशाला शिबंदी हवी. सह्याद्रीतले किल्ले घाटवाटा राखतात, वैरागडच्या किल्ल्याने मातीचे खड्डे राखले. महाराष्ट्रात अशी दुसरी जोडी सहज आठवत नाही.

पण हा तर सपाटीवरचा किल्ला. लढायला काय उपयोगाचा?

राजगड-रायगड पाहिलेले लोक इथे येऊन नाक मुरडतात, म्हणून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. भुईकोटाचं बळ उंचीत नसतं. वैरागडला दोन बाजूंनी वाहतं पाणी आहे, भिंतीला लागून खंदक आहे, आणि खंदकापलीकडे कोसच्या कोस जंगल होतं. ते जंगल हाच पहिला तट. ‘आईन’मध्ये बाबाजीचं पायदळ चाळीस हजार सांगितलंय आणि घोडदळ त्याहून कितीतरी कमी. दिल्लीच्या माणसाला हे प्रमाण विचित्र वाटलं असेल. पण भर पावसाळ्यात बांधीच्या चिखलातून घोडा हाकून पाहा, म्हणजे चांद्याच्या राजाचा हिशोब पटेल. तोफखाना ओढत इथवर आणायचा तर आधी रस्ता तोडावा लागायचा, आणि रस्ता तुटेतो गोंडांचे तिरंदाज झाडाआड बसलेले असायचे.

हे सगळं मोडलं ते बाहेरच्या स्वारीने कमी आणि चांद्यातल्या भाऊबंदकीने जास्त. १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी नीलकंठशाहचा पराभव करून चांद्याचं राज्य नागपूरला जोडलं, त्यात वैरागडही आलं.

इंग्रजांशी इथे लढाई झाली का?

या भागातली मोठी लढाई चांद्याची. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या फौजेने तोफांनी चांद्याचा तट फोडला, किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. चांदा गेल्यावर वैरागडच्या शिबंदीला अर्थ उरला नाही, आणि खाण तर आधीच थकलेली होती. १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं.

बाबुराव शेडमाके यांच्या १८५८ च्या उठावाबद्दलही विचारतात. त्याची धामधूम दक्षिणेला, राजगड परगणा आणि अहेरीच्या बाजूला. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. वैरागडशी ही गोष्ट जोडणारे व्हिडिओ फिरतात, त्यांचा भूगोल कच्चा आहे.

परदेशात वाळवंटातली ओसाड खाणगावं दाखवतात, तसं हे आहे का?

हा प्रश्न हल्ली वाढलाय, मोबाईलवर नामिबियाच्या कोल्मान्सकोपचे व्हिडिओ पाहून. ती गोष्ट खरोखर वाचण्यासारखी आहे. १९०८ मध्ये झाकारियास लेवाला नावाच्या रेल्वे कामगाराला रुळांवरची वाळू उपसताना हिरा सापडला. तेव्हा तो मुलूख जर्मनांचा होता. त्यांनी वाळवंटाचा भलामोठा पट्टा निषिद्ध प्रदेश म्हणून बंद केला, गाव बांधलं, दवाखाना, नाचघर, बर्फाचा कारखाना उभारला. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने जर्मनांना शरण आणलं. पुढे ऑरेंज नदीच्या मुखाशी मोठे हिरे सापडल्यावर माणसं तिकडे गेली आणि १९५६ पर्यंत गाव रिकामं झालं. आता घराघरांत गुडघाभर वाळू आहे.

हिरा, निषिद्ध रान, फौज, मग पांगापांग: इथवर वैरागडशी मेळ बसतो. पुढे मात्र नाही. वैरागड ओस पडलं नाही. खाण बंद झाली तशी माणसं धानाकडे वळली. इथे शाळा आहे, बाजार भरतो, लग्नाचे मांडव पडतात. भूतगाव पाहायला येत असाल तर गाववाले तुम्हालाच भुतासारखे पाहतील.

किल्ल्यात काय काय पाहावं?

आधी बाहेरूनच खंदकाच्या कडेने चाला. खंदक, मग तट, मधूनमधून बुरूज. दगड कुठे घडीव आहे आणि कुठे नुसता भरलाय ते बघा, डागडुजी कुठे झाली ते त्यावरून कळतं. दरवाज्यात पोचल्यावर लगेच आत पळू नका. आतल्या अंगाला अडसराच्या खोबण्या आणि उंबऱ्यापाशी दाराच्या खुंट्यांची भोकं शोधा. दार किती जाड असेल याचा अंदाज हाताच्या वितीने घेता येतो. एकामागे एक दरवाजे कशासाठी, हेही तिथेच उभं राहून समजतं. पहिलं दार फोडून आत आलेला शत्रू दोन दारांच्या मध्ये कोंडला जातो आणि वरून मारा होतो.

आतमध्ये विहिरी आणि पडक्या इमारतींचे अवशेष आहेत. साफसफाई झाली असेल त्या वर्षी सगळं स्वच्छ दिसतं, नाहीतर कमरेएवढं गवत. विहिरींच्या काठाशी जपून. गवताने काठ झाकला जातो.

देवळं?

भंडारेश्वराचं हेमाडपंती देऊळ जरूर पाहा, टेकडीवर आहे, तिथून नदीचा परिसर छान दिसतो. महाशिवरात्रीला जत्रा असते. शांतपणे पाहायचं असेल तर तो दिवस टाळा, जत्रा पाहायची असेल तर तोच दिवस धरा. गोरजाईला गेलात तर चपला बाहेर, आणि फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारायचं.

वाघ आहेत म्हणे?

आहेत. ही थट्टेची बाब नाही. वडसा वनविभागात वाघाच्या हल्ल्यांत बरीच माणसं गेलीत. ‘सीटी-१’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघाने गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर मिळून १३ जणांचा जीव घेतल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला याच भागात पकडलं. पहाटे आणि तिन्हीसांजेला नाल्याच्या अंगाने एकट्याने फिरू नका. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचणारे आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडणारे पोटासाठी तो धोका पत्करतात, तुम्हाला तसं काही कारण नाही.

आणि हत्ती! ऑक्टोबर २०२१ मध्ये ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात शिरला आणि तेव्हापासून कुरखेडा, देसाईगंज, आरमोरी भागात त्यांची ये-जा आहे. अबुल फजलचं वाक्य चारशे वर्षांनी पुन्हा खरं झालं, असं म्हणायला कुणालाही गंमत वाटेल. ज्याच्या कापणीला आलेल्या धानात कळप फिरतो, ज्याच्या घराची भिंत आतल्या मोहफुलांसाठी पाडली जाते, त्याला वाटत नाही. निघण्याआधी कळप कुठे आहे ते वनविभागाकडे किंवा गावात विचारा. हत्ती पाहायला म्हणून मुद्दाम जाऊ नका, गर्दीने बिथरलेला हत्ती गाववाल्यांच्या अंगावर जातो, तुम्ही तोवर नागपूरला पोचलेले असता.

नक्षलवाद्यांचं काय?

गडचिरोलीचं नाव घेतलं की हे येतंच. जिल्हा उत्तर-दक्षिण लांबच लांब आहे. ज्या घटनांच्या बातम्या वाचून तुम्ही धास्तावला आहात, त्या मुख्यतः एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या जंगलपट्ट्यातल्या. वैरागड पश्चिमेकडच्या धानपट्ट्यात आहे. दिवसा या, दिवसा जा. पोलिसांनी अडवून विचारलं तर सरळ उत्तर द्या, ओळखपत्र जवळ असू द्या.

केव्हा यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धान कापणीला आलेला असतो किंवा खळ्यावर असतो, थंडी बोचरी पण सुखाची, आणि वडसा-देसाईगंजच्या मंडळांची झाडीपट्टी नाटकं रात्रभर रंगतात. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे हे याच रंगभूमीचे, कुरखेडा तालुक्यातले. दिवसा किल्ला आणि रात्री नाटक, असा बेत करा.

मे महिन्यात येऊ नका. शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव देशातल्या सर्वात तापलेल्या शहरांच्या यादीत दरवर्षी येतं. पारा ४५ च्या पुढे गेला की वाळवंटाची हौस इथेच फिटते. पावसाळ्यात नद्या फुगतात, ठेंगणे पूल बुडतात आणि रस्ता तासन्‌तास बंद राहतो. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, पुढचा ट्रॅक्टर गेला तरी नाही.

कसं यायचं?

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी मार्गे आरमोरी, तिथून अर्ध्या तासावर वैरागड. रेल्वेने यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन. गाव देसाईगंज, स्टेशन वडसा, एकच आहे. तिथून आरमोरीला लालपरी मिळते. आरमोरीहून वैरागडच्या बसच्या वेळा स्थानकावर विचारूनच पुढचं ठरवा, आणि परतीची शेवटची बस आधी विचारा.

राहायचं, जेवायचं कुठे?

मुक्काम आरमोरी, ब्रह्मपुरी किंवा देसाईगंजला. जेवणाला भात-वरण, झुणका, लाखोळीची भाजी मिळाली तर नशीब समजा. जवसाची चटणी मागून घ्या, आणि सांभार म्हटलं की इकडे कोथिंबीर येते. दारूचं विचारू नका, जिल्ह्यात १९९३ पासून बंदी आहे.

ड्रोन उडवता येईल?

संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. मोबाईलने हवे तेवढे फोटो काढा. तटावर चढून रील मात्र नको. दगड सुटे आहेत, आणि तुमच्याखाली कुणीतरी उभं असतं.

म्हाताऱ्या माणसांना जमेल?

किल्ला सपाटीवर आहे, हळूहळू चालत जमेल. भंडारेश्वराला थोडा चढ. खाणीच्या खड्ड्यांकडे त्यांना नेऊ नका, पाय मुरगळतो.

जवळपास आणखी काय?

एक दिवस हाताशी असेल तर दक्षिणेला चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठचं मार्कंडा देवस्थान. शिल्पकाम असं की वैरागडचा सगळा कणखरपणा विसरून जाल. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. तिथे सहल म्हणून नव्हे, आधी कळवून, शिकायला जा. कोरची-कुरखेड्याच्या डोंगरात टिपागड आहे, गडावर तलाव असलेला. तो खरा रानातला किल्ला, स्थानिक वाटाड्याशिवाय जायचं नाही.

जाता जाता सूरजागडची लोहखाण दाखवाल का?

नाही. एकतर ती जाता जाता नाही, एटापल्ली तालुक्यात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. शिवाय ती चालू खाण आहे, बंदोबस्त आहे, रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग असते. ज्या डोंगरावर ती आहे तिथे ठाकूरदेवाचं ठाणं आहे आणि आसपासच्या गावांचं त्यावर बरंच म्हणणं आहे. ते ऐकायचं असेल तर त्या गावांत जा, तो वेगळा प्रवास. खाणीमागे बंदोबस्त येतो ही रीत जुनी आहे, एवढं मात्र वैरागडचा खंदक पाहून आलेल्याला कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

गावात माहिती सांगणारं कुणी भेटेल?

नेमलेला गाइड नाही. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत विचारा, कुणीतरी सोबत येतंच. बुजुर्गांना ‘काकाजी’ म्हणा, घाई करू नका, चहा नाकारू नका. ते सांगतील त्यात वैरोचन राजाही येईल आणि मागच्या हंगामातले हत्तीही. दोन्ही ऐका. वेळ मोडून फिरवणाऱ्या माणसाला मानधन द्या, आणि किती ते आधीच बोलून घ्या.

पेट्रोल, एटीएम, मोबाईलची रेंज?

पेट्रोल आणि रोख रक्कम आरमोरीतच घ्या. रेंज गावात मिळते, नाल्याकडे उतरलात की ये-जा करते. नकाशा आधी डाऊनलोड करून ठेवा, आणि गाडीत पाण्याचे दोन कॅन टाका.